शिकारीच्या मांसातून होणारे आजार: धोका कोणाला, लक्षणे कोणती, डॉक्टरांना काय सांगावे

तापाचा रुग्ण समोर बसला की आम्ही डॉक्टर काही ठरावीक प्रश्न विचारतो. ताप किती दिवसांपासून आहे, थंडी वाजते का, पाणी कुठले पिता, घरात आणखी कोणी आजारी आहे का. वाटूर परिसरात प्रॅक्टिस करताना मी त्यात एक प्रश्न वाढवला आहे: "गेल्या महिना-दोन महिन्यांत रानातले काही खाल्ले, कापले किंवा सोलले का?" हा प्रश्न आला की बरेच जण आधी दाराकडे बघतात, मग सोबतच्या माणसाकडे, आणि मग "नाही" म्हणतात.

हा लेख त्या "नाही"बद्दल आहे. रानडुक्कर, ससा, हरीण, रोही, मोर, तित्तर, लाव्हा, घोरपड, साळिंदर यांचे मांस चोरून विकले जाते आणि चोरून खाल्लेही जाते. ते बेकायदेशीर आहे, हे खाणाऱ्याला माहीत असते. त्यामुळे ते मांस कोणी तपासत नाही आणि आजारी पडल्यावर त्याबद्दल कोणी बोलत नाही. यातली दुसरी गोष्ट रुग्णाला जास्त महागात पडते.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चाळिशीतला शेतकरी, संध्याकाळी येणारा ताप, रात्री अंग भिजेल इतका घाम, कंबर आणि गुडघे धरलेले. टायफॉइडची औषधे दोन ठिकाणी घेऊन झाली होती. ताप चार दिवस उतरायचा आणि पुन्हा यायचा. मी विचारले तेव्हा त्याने नाहीच सांगितले. तिसऱ्या खेपेला तो बाहेर औषध घ्यायला गेला असताना बायको हळूच म्हणाली, "डॉक्टर, दिवाळीच्या आधी ह्यांनी डुक्कर सोललं होतं. बोटाला कोयता लागला होता." ब्रुसेलोसिसची रक्त तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. घरात शेळ्याही होत्या, त्यामुळे जंतू डुकराकडूनच आला असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ती माहिती पहिल्या दिवशी मिळाली असती तर दोन महिने वाचले असते. सहा आठवड्यांच्या गोळ्या पूर्ण केल्यावर माणूस उभा राहिला.

चोरीचे मांस जास्त धोक्याचे का

बोकड कापण्याआधी तो चालत होता, चरत होता, हे गावात दहा जणांनी पाहिलेले असते. कायदेशीर कत्तलखान्यात पशुवैद्यक जनावर कापण्याआधी आणि नंतरही पाहतो. आपल्याकडच्या आठवडी बाजारात अशी तपासणी दरवेळी होते असे मी म्हणणार नाही. पण निदान खाटीक ओळखीचा असतो, दुकान तिथेच असते आणि मांस सकाळचे असते.

शिकारीच्या मांसाचे तसे नाही. जनावर फाशात किंवा वाघुरीत अडकून रात्रभर तडफडलेले असते. कधी ते विजेच्या तारेला चिकटून मेलेले असते, कधी गावठी बॉम्ब चावून जबडा फुटल्यावर दोन दिवस फिरून पडलेले असते. कधी तर शिकार झालेलीच नसते. जनावर आपोआप मेलेले सापडते आणि "ताजे आहे" म्हणून त्याचे वाटे पडतात. पोटातली आतडी वेळेवर काढली नाहीत तर त्यातले जंतू काही तासांत मांसात पसरतात. मग ते प्लास्टिकच्या पिशवीत, मोटारसायकलच्या डिकीत, उन्हातान्हात वीस-तीस किलोमीटर जाते. हरणाचे म्हणून घेतलेले मांस हरणाचेच आहे, हे तुम्ही ओळखूही शकत नाही.

मी स्वतः मटण आवडीने खातो, त्यामुळे हा शाकाहाराचा प्रचार नाही.

खाणाऱ्यापेक्षा कापणाऱ्याला धोका

लोकांचा समज असतो की आजार तोंडातून पोटात जातो. शिकारीच्या बाबतीत अनेक आजार ताटात वाढण्याआधीच लागलेले असतात. सोलताना हाताला कापते, रक्त डोळ्यात उडते, आतडी साफ करताना घाण अंगावर येते, कातडीवरचे गोचीड माणसावर चढतात. हे सगळे बहुतेक वेळा शेतात, रात्री, बॅटरीच्या उजेडात चालते. तिथेच तीन दगडांची चूल मांडतात. पाणी जेमतेम, साबण नाही. ज्या हातांनी आतडी काढली त्याच हातांनी भाकरी मोडली जाते. घरी आणले तर धुऊन-निवडून घेणारी सून किंवा आई स्वतः घासभरही खात नसेल, पण हात तिचेच असतात.

गोचिडांबद्दल थोडे सविस्तर सांगतो. काँगो ताप नावाचा विषाणूजन्य आजार गोचिडांतून आणि बाधित जनावराच्या ताज्या रक्तातून पसरतो. या गोचिडांची पिल्ले सशासारख्या लहान प्राण्यांवर वाढतात आणि मोठी झाल्यावर गाई-म्हशींवर येतात. जनावर आजारी दिसतही नाही. भारतात हा आजार पहिल्यांदा सिद्ध झाला तो जानेवारी २०११ मध्ये, शेजारच्या गुजरातमध्ये, अहमदाबाद जिल्ह्यात. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने केले. त्या वेळी रुग्णासोबत तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका यांचाही मृत्यू झाला. रक्ताचा किंवा गोचिडांचा संपर्क आला होता हे आधी कळले, तर सेवा करणारे नातेवाईक आणि कर्मचारी हातमोजे, मास्क घालून सावध राहू शकतात. अंगावर गोचीड दिसला तर नखाने चिरडू नका. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढून काढा आणि जागा साबणाने धुवा.

पिसाळलेला कोल्हा किंवा मुंगूस सोलणे हाही मोठा धोका आहे. रेबीजचा विषाणू लाळेत आणि मेंदूत असतो आणि हातावरच्या जखमेतून तो शरीरात शिरतो. व्हिएतनाममध्ये चावा न घेता, केवळ पिसाळलेला कुत्रा किंवा मांजर कापल्यामुळे रेबीज झाल्याच्या नोंदी आहेत. असा संपर्क आला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. लक्षणे सुरू झाल्यावर आमच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही.

"पण आम्ही चांगले शिजवतो"

हे मला दर वेळी ऐकायला मिळते, आणि ते अर्धे खरे आहे. मांसाचा आतला भागही पूर्ण शिजला, लालसर राहिला नाही, रस्सा खळखळून उकळला, तर बहुतेक जंतू आणि जंत मरतात. घरी कुकरमध्ये शिजवले तर ते बहुधा होते. शेतातल्या चुलीवर, अंधारात, भुकेल्या माणसांच्या घोळक्यात ते होतेच असे नाही. निखाऱ्यावर भाजलेली कलेजी बाहेरून करपते आणि आतून कच्ची राहते. मीठ लावून उन्हात वाळवलेल्या चान्यांमध्ये किंवा धूर दिलेल्या मांसात जंतांच्या अळ्या जिवंत राहू शकतात. हळद, लिंबू, मसाला यांनी काही होत नाही. सोबत घेतलेल्या दारूने पोटातले जंतू मरतात ही समजूत तर निव्वळ सोयीची आहे.

शिजवण्याने न जाणाऱ्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, काळपुळीच्या जंतूंचे बीज. दुसरी, छऱ्याचे शिसे. गोळी किंवा छर्रा मांसात घुसताना त्याचे बारीक कण जखमेपासून बरेच दूरपर्यंत पसरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला थोडे शिसेही बाधते. तिसरी गोष्ट विष. आपल्या भागात माझ्या मते ही सगळ्यांत जवळची भीती आहे.

विष घातलेले जनावर

रानडुकरे एका रात्रीत मक्याचे किंवा उसाचे काय करतात हे मी वेगळे सांगायला नको. माझे निम्मे रुग्ण शेतकरी आहेत आणि त्यांचा संताप मला समजतो. त्या संतापातून कणकेच्या गोळ्यात किंवा फळात कीटकनाशक भरून ठेवणारेही असतात. पेरणीच्या वेळी औषध लावलेले बियाणे मोर, तित्तर, लाव्हे टिपतात आणि बांधावर मरून पडतात. थिमेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फोरेटवर २०२० च्या अखेरपासून बंदी आहे, पण जुने डबे गोठ्यात पडून असतात. असे जनावर किंवा पक्षी "सहज सापडला" म्हणून शिजवला की विष ताटात येते. जठर, आतडी, काळीज यांत ते जास्त असते. उकळल्याने ते जाईल असा भरवसा नाही.

या गटातल्या कीटकनाशकांची लक्षणे खाल्ल्यावर काही मिनिटांपासून काही तासांत दिसतात. उलट्या, पोटात पीळ, जुलाब, तोंडातून लाळ, भरपूर घाम, डोळ्यांतून पाणी, अंधुक दिसणे, स्नायू थरथरणे, छातीत घरघर. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. एकाच जेवणातल्या दोन-तीन माणसांना हे एकदम झाले तर "अन्न बाधले" म्हणून सोडा प्यायला देत बसू नका. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका, कारण ती श्वासनलिकेत जाऊ शकते. रुग्णाला कुशीवर झोपवा, कपड्यांवर उलटी असेल तर कपडे बदला आणि १०८ ला फोन करा. ॲट्रोपिनचे इंजेक्शन वेळेवर सुरू झाले तर माणूस वाचतो, पण त्याला भरती करावेच लागते. परतूर, जालना किंवा गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत न्यायची तयारी ठेवा.

कोणत्या प्राण्यातून काय

रानडुक्कर उकिरड्यावरचे, मेलेले, सडलेले, सगळे खाते. म्हणून त्याच्या मांसात बरेच काही साठते. ट्रायकिनेला नावाच्या जंताच्या अळ्या त्याच्या स्नायूंत गुंडाळी करून बसलेल्या असतात. कच्चे राहिलेले मांस खाल्ले की पहिल्या दोन-तीन दिवसांत पोट बिघडते आणि माणूस ते विसरूनही जातो. एक ते चार आठवड्यांत खरा आजार सुरू होतो: ताप, डोळ्यांभोवती सूज, पोटऱ्या आणि जबड्याचे स्नायू दुखणे, चावायला त्रास. काहींच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि ती जीवघेणी ठरू शकते. उत्तराखंडात सामूहिक जेवणात डुकराचे नीट न शिजलेले मांस खाल्ल्यानंतर याची साथ आली होती आणि त्यात माणसे दगावली. साध्या रक्त तपासणीत इओसिनोफिल नावाच्या पेशी खूप वाढलेल्या दिसतात. हा आमच्यासाठी मोठा धागा असतो, पण मांसाचे कोणी सांगितले तरच तो हाती लागतो, नाहीतर "ॲलर्जी असेल" म्हणून सुटतो. यावर अल्बेंडाझोल देतात, पण शाळेत वाटतात तशी एक गोळी पुरत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठ ते चौदा दिवसांचा कोर्स असतो आणि तो लवकर सुरू केला तर जास्त उपयोगी पडतो.

डुकरातून ब्रुसेलोसिस, लेप्टोस्पायरोसिस आणि ई प्रकारची कावीळही होऊ शकते. आपल्याकडे ई कावीळ मुख्यतः घाण पाण्यातून पसरते. पण जपानमध्ये २००३ साली हरणाचे कच्चे मांस खाल्लेल्यांना हीच कावीळ झाली आणि उरलेल्या गोठवलेल्या मांसात तोच विषाणू सापडला. त्या देशात रानडुकराच्या मांसातूनही रुग्ण आढळले. आफ्रिकन स्वाइन फीवर मात्र माणसाला होत नाही. ती फक्त डुकरांची साथ आहे, त्याची भीती बाळगू नका.

हरीण, रोही, ससा हे गवत खाणारे म्हणून "स्वच्छ" मानले जातात. मेंढ्या, गुरे जिथे चरतात तिथेच तेही चरतात, आणि काळपुळीचे जंतू मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. काळपुळीने मेलेले जनावर अचानक पडते, लवकर फुगते, आणि नाकातून, गुदद्वारातून काळपट न गोठणारे रक्त येते. असे जनावर कापले की जंतू हवेत येऊन बीज धरतात आणि मग ती जमीनच धोक्याची होते. कापणाऱ्याच्या हातावर आधी खाजणारी पुळी, मग फोड, मग मधोमध काळी खपली आणि भोवती सूज येते. विशेष म्हणजे ती दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. मांस खाल्ले असेल तर पोटात रक्तस्राव होण्यापर्यंत मजल जाते. केरळमध्ये अथिरापल्लीच्या जंगलात जून २०२२ मध्ये रानडुकरे याच आजाराने मेली होती. वेळेत अँटिबायोटिक मिळाले तर कातडीवरची काळपुळी पूर्ण बरी होते.

पक्ष्यांचे सांगायचे तर बर्ड फ्लू आपल्या दारापर्यंत येऊन गेला आहे. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. भोपाळच्या प्रयोगशाळेने त्यांच्यात एच५एन१ विषाणू असल्याचे सांगितले, आणि संशय त्यांच्या खाण्यातल्या मांसावर होता. वाघ मांस शिजवत नाहीत हे खरे. पण पिसे उपटणारा आणि पोट फाडणारा माणूसही कच्च्या मांसाशीच खेळत असतो. मेलेला किंवा मलूल पक्षी हाताने उचलू नका आणि मुलांना उचलू देऊ नका.

वटवाघूळ आणि माकड यांच्याविषयी माझे मत ठाम आहे: हातही लावू नये. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा पुण्याच्या संस्थेला २०२० साली घेतलेल्या नमुन्यांत सापडल्या. महाराष्ट्रात माणसाला निपाह झाला असा याचा अर्थ नाही, पण विषाणू सह्याद्रीत आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडताप आहे. तो गोचिडांतून पसरतो, आणि मेलेल्या माकडाजवळ असे गोचीड मोठ्या संख्येने असतात. जगातली सर्वांत बोलकी घटना आफ्रिकेतल्या गॅबन देशातली आहे. १९९६ मध्ये जंगलातल्या एका गावाला मेलेला चिंपांझी सापडला. ज्यांनी तो सोलला आणि कापला ते आधी आजारी पडले. तो इबोला होता, आणि ती साथ थांबेपर्यंत एकवीस माणसे गेली. एचआयव्हीचा विषाणूदेखील मुळात चिंपांझीतून, बहुधा शिकार कापताना, माणसात आला असे शास्त्रज्ञ मानतात. कोविडच्या उगमावर अजून वाद आहे, म्हणून ते उदाहरण मी देत नाही.

औषध म्हणून देऊ नका

सांधेदुखीला घोरपड, ताकदीला सांड्याचे तेल, दम्याला वटवाघूळ, केसांसाठी सशाचे रक्त. यातला एकही उपाय काम करतो याचा पुरावा नाही. वाईट असे की हे मांस घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला दिले जाते. दम्याचे लेकरू, बाळंतीण, साखरेचा आजार असलेले आजोबा. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी त्यांना जंतू सर्वांत लवकर गाठतो. घोरपडीसारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत साल्मोनेला हा जंतू नेहमीचा आहे. त्याने लहान मुलाला रक्ती जुलाब आणि रक्तात जंतुसंसर्ग होऊ शकतो. गरोदर बाईला टोक्सोप्लाझ्मा किंवा ब्रुसेला झाला तर गर्भपाताची भीती असते. दम्याच्या मुलाला इन्हेलरची गरज आहे, आणि इन्हेलरने सवय लागते ही भीती खोटी आहे. त्यावर कधीतरी वेगळा लेख लिहावा लागेल.

खाल्ल्यापासून किती दिवस लक्ष ठेवायचे

पहिल्या काही तासांत उलट्या, लाळ, घाम आला तर विषाचा संशय घ्यावा. पहिल्या तीन दिवसांत जुलाब-ताप आला तर बहुधा जंतूंची बाधा असते. पहिल्या दोन आठवड्यांत जोराचा ताप, डोके आणि अंग फुटल्यासारखे दुखणे, डोळे लाल, अंगावर रक्ताचे ठिपके, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, किंवा हातावर काळी खपली दिसली तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली जळल्यासारखा काळा डाग दिसला तर तो चिगर नावाच्या बारीक किड्याचा चावा असू शकतो. स्क्रब टायफसमध्ये असे होते. २०१८ मध्ये नागपूर भागात त्याचे बरेच रुग्ण सापडले होते. तोही रानातल्या झुडपांत फिरणाऱ्यालाच जास्त होतो. एक ते चार आठवड्यांत डोळ्यांभोवती सूज आणि स्नायूदुखी येऊ शकते, दोन ते आठ आठवड्यांत कावीळ. ब्रुसेलोसिस तर काही महिन्यांनीही डोके वर काढतो. त्यामुळे "ते खाऊन तर दोन महिने झाले" म्हणून गप्प बसू नका.

तपासण्या फार महाग नसतात. रक्तातल्या पेशींची मोजणी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, आणि संशयानुसार ब्रुसेला, लेप्टो, स्क्रब टायफस किंवा ई कावीळ यांची चाचणी. पण पन्नास तपासण्यांतली नेमकी कोणती करायची हे तुमच्या एका वाक्यावर ठरते.

डॉक्टरांना सांगितले तर गुन्हा दाखल होईल का

हा प्रश्न मला रुग्ण थेट विचारत नाहीत, पण तोच मनात असतो. तुम्ही उपचारासाठी दिलेली माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरचे व्यावसायिक कर्तव्य आहे. तुम्ही ससा खाल्ला हे मी वनविभागाला कळवत नाही, मला ते केसपेपरवर ठळक अक्षरांत लिहायचीही गरज नसते. "जंगली प्राण्याच्या मांसाशी संपर्क" एवढी नोंद पुरते. मात्र विषबाधेचा रुग्ण आला तर रुग्णालयाला मेडिको-लीगल नोंद करून पोलिसांना कळवावे लागते. हे मी आधीच सांगतो, म्हणजे नंतर फसवल्यासारखे वाटणार नाही. त्या नोंदीसाठी उपचार थांबत नाहीत. ती टाळण्यासाठी घरीच बसलेल्या माणसाचा श्वास मात्र थांबू शकतो.

सगळ्यांसमोर बोलायचे नसेल तर "मला एकट्याने बोलायचे आहे" असे म्हणा. नातेवाईक असाल तर चिठ्ठीवर लिहून द्या. कोणता प्राणी, कोणत्या तारखेला, तुम्ही कापला की फक्त खाल्ला, हाताला जखम होती का, प्राणी मारला होता की मेलेला सापडला, त्या जेवणात आणखी किती जण होते, एवढे पुरे. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण त्या पंगतीतला दुसरा कोणी दुसऱ्याच दवाखान्यात पडलेला असू शकतो.

कायद्याविषयी थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यातला मोठा बदल १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. काळवीट, चिंकारा, मोर, घोरपड हे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ससा, रानडुक्कर, रोही यांनाही संरक्षण आहे. मारणे जसा गुन्हा, तसे विकत घेणे आणि जवळ बाळगणेही गुन्हा आहे. पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकराला किंवा रोहीला मारायचे असेल तर वनअधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि त्यानंतरही ते जनावर सरकारी मालमत्ता असते, खाण्यासाठी नसते. पीक नुकसानीची भरपाई वनविभागाकडे मागता येते. वनविभागाचा क्रमांक १९२६ आहे.

शेतात मेलेले जनावर दिसले तर, किंवा फ्रीजमध्ये मांस असेल तर

मेलेल्या जनावराला हात लावू नका, सोलू नका, आतडी काढू नका. कुत्री आणि लेकरे लांब ठेवा. जंगली जनावर असेल तर १९२६ ला आणि पाळीव असेल तर पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर कळवा.

असे मांस घरात असेल तर ते खाऊ नका आणि "कुत्र्याला तरी घालू" असेही करू नका. कच्ची आतडी, फुफ्फुसे, काळीज खाल्लेल्या कुत्र्याच्या पोटात फीतकृमी वाढतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून अंगणात, भाजीवर आणि मुलांच्या हातांवर येतात. मग काही वर्षांनी एखाद्याच्या यकृतात पाण्याची मोठी गाठ निघते. तिला हायडॅटिड म्हणतात आणि तिच्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. मांस विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. पुरताना हातात प्लास्टिकच्या पिशव्या घाला आणि डोळ्यांना, तोंडाला हात लावू नका. सुरी, कोयता, पाट, परात साबणाने धुऊन उकळत्या पाण्यात ठेवा. ज्यांनी ते मांस हाताळले त्यांची नावे आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या दोन महिन्यांत त्यांच्यापैकी कोणाला ताप आला, तर येताना ती तारीख घेऊन या.